कृपा, कर्म आणि पंगत

येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियाच्या ख्रिस्ती मंडळीत आला होता आणि यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसून त्यांच्याबरोबर जेवत होता. पुढे यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून, काही जण आले. त्यांना पाहून पेत्र कचरला, मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे बघून इतर यहुदी विश्वासणारेही उठले. बर्णबा म्हणजे प्रेषित पौलाचा जिवाभावाचा सोबती, पण तोसुद्धा त्यांच्याबरोबर वाहवत गेला. तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर जाब विचारला. हे त्याने स्वतः गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. आणि त्याच दमात पुढे तो लिहितो की मनुष्य मोशेच्या नियमशास्त्रातल्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो.

तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने की कर्माने, या प्रश्नावर सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातली चर्च दुभंगली. आपण हा वाद नेहमी मरणानंतरच्या हिशोबाचा म्हणून ऐकतो: स्वर्गाच्या दारात काय दाखवायचे, पुण्याची वही की विश्वासाची पावती? पण पौलाच्या पत्रात हा वाद जेवणाच्या जागी उभा राहतो. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे, आणि कोणत्या बळावर कोणी वरचा पाट मागायचा, हा तिथला खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की मानवी प्रयत्नाला शास्त्राची कुठेच ना नाही. प्रयत्नाच्या जोरावर मागितलेल्या मानाला आहे, आणि तिथे शास्त्र फार कडक आहे. हे नीट न कळल्याने दोन उलट गोष्टी घडतात. बाहेरचा माणूस म्हणतो, "तुमचे बरे आहे, विश्वास ठेवला की सगळे माफ." आणि आतला माणूस कृपेवरची गाणी मनापासून म्हणतो, पण पंगतीतल्या जागा होत्या तशाच ठेवतो. मला दुसरी गोष्ट जास्त लागते.

पौल ज्या कर्मांबद्दल बोलत होता ती कोणती? सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, सण आणि शब्बाथ. त्या काळचा यहुदी धर्म म्हणजे पुण्याची बेरीज करून देवाला विकत घेऊ पाहणारा धर्म, अशी समजूत ख्रिस्ती उपदेशकांनी शतकानुशतके पसरवली. ती चुकीची आहे, आणि यहुदी लोकांवर अन्याय करणारी आहे. १९७७ साली ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने मूळ यहुदी साहित्य तपासून दाखवून दिले की इस्राएलाची निवड देवाच्या कृपेने झाली अशीच त्यांची श्रद्धा होती. नियम पाळायचे ते त्या करारात राहण्यासाठी. त्यानंतर अनेक अभ्यासक म्हणू लागले की पौलाचा रोख आपले आणि परके यांच्यात भिंत घालणाऱ्या खुणांवर होता. मला हे बरेचसे पटते, सगळे पटत नाही. कारण रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल थेट मजुरीची भाषा वापरतो: जो काम करतो त्याची मजुरी कृपा म्हणून मोजली जात नाही, ती त्याची येणी असते. इथे भिंतीच्या पलीकडची गोष्ट आहे. देव आपले काही देणे लागतो, ही भावनाच पौल मुळापासून उपटतो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्याने विचारलेही आहे, मग आढ्यता कुठे राहिली? ती बाहेर ठेवली गेली. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तेच: तारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांनी झालेले नाही; आणि कारण काय, तर "कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून". बहुतेक उपदेश नवव्या वचनावर थांबतात. दहाव्यात लिहिले आहे की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवले आहे.

आता याकोब. त्याचे पत्र पौलाच्या विरोधात उभे करायची जुनी रीत आहे. मार्टिन लूथरने १५२२ साली नवा करार जर्मनमध्ये काढला तेव्हा प्रस्तावनेत या पत्राला गवताचे पत्र म्हटले, आणि त्याच भाषांतरात रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये मुळात नसलेला 'केवळ' हा शब्द घातला. उलट याकोब २:२४ स्पष्ट म्हणते की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनीही नीतिमान ठरतो. वरवर पाहता दोघांत तडजोड अशक्य दिसते. दोघेही साक्षीला यहुद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम यालाच बोलावतात. पौल उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो, आकाशातले तारे बघून नुसता विश्वास ठेवणारा. याकोब बाविसाव्या अध्यायातला घेतो, मुलाचा बळी द्यायला त्याला घेऊन डोंगर चढणारा.

पण याकोबाचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा. तो सुरू होतो सभेतल्या आसनांपासून. सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेला एक माणूस सभेत येतो, आणि मळक्या कपड्यांतला एक गरीब येतो. पहिल्याला तुम्ही म्हणता, "आपण इथे चांगल्या जागी बसा." दुसऱ्याला म्हणता, "तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस." यावरून याकोबाचा संताप चढत जातो. उघड्या आणि उपाशी भावाला, बहिणीला तुम्ही नुसते "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणालात आणि दिले काहीच नाही, तर उपयोग काय, असे तो विचारतो. कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे, हे प्रसिद्ध वाक्य या प्रसंगाच्या पोटातून आले आहे.

म्हणजे पौलाचा सिद्धांत पंगतीतून उठून गेलेल्या माणसांवरून आला, आणि याकोबाचा सभेत पायाशी बसवलेल्या माणसावरून. एकाने कर्मठपणाने आलेला मोठेपणा मोडला, दुसऱ्याने श्रीमंतीने आलेला. दोघांनी एकाच चुकीवर बोट ठेवले आहे. तरीही चारशे-पाचशे वर्षे आपण या दोघांना एकमेकांसमोर उभे करून भांडवतो आहोत, आणि ज्या माणसाच्या जागेसाठी ते दोघे भांडले तो अजून उभाच आहे.

येशूच्या दाखल्यांतही हेच दिसते. द्राक्षमळ्याच्या धन्याने पहाटे काही मजूर लावले, एक दिनार ठरवून. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणखी काही, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना शेवटचे. संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दिनार. पहाटेच्या मजुरांची तक्रार काय होती ते मत्तयाने नेमके टिपले आहे. आम्हाला कमी मिळाले, असे ते म्हणत नाहीत. ठरलेली मजुरी त्यांना पूर्ण मिळाली होती. त्यांचे दुखणे असे की तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले. दिवसभराचा घाम आणि उन्हाचा ताप खरा होता. धनीही तो नाकारत नाही. पण त्या घामाने मागून आलेल्याच्या डोक्यावर बसायचा हक्क मिळत नाही. ज्याला दिवसभर नाक्यावर उभे राहून कोणीच कामाला नेले नाही, त्याच्याही घरी तेवढीच तोंडे खाणारी असतात. आजच्या मजूर अड्ड्यावर सकाळी दहानंतर उरलेल्यांचे चेहरे ज्याने पाहिले आहेत त्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ तर थेट जेवणावरच रुसतो. घरात पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी चालली आहे, तो दाराबाहेर. "इतकी वर्षे मी तुमची सेवाचाकरी करतो आहे," हे त्याचे वाक्य खरे आहे. बाप त्याला खोटे पाडत नाही, त्याच्या कष्टांना तुच्छ म्हणत नाही. उलट म्हणतो, बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस, जे माझे ते सगळे तुझेच आहे. थोरल्याला कमी काहीच पडलेले नाही. भाऊ पंक्तीला नको, एवढेच त्याचे मागणे आहे, आणि बाप नेमके तेच ऐकत नाही.

मग प्रयत्नाला जागा कुठे? पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले की भीत व कापत आपले तारण साधून घ्या. आणि लगेच पुढे, कारण इच्छा करणे आणि कृती करणे ही दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवून आणतो. तर्काने हे उलटसुलट वाटते. माणूस करतो की देव? पौलाला त्यात अडचण दिसत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो म्हणतो, मी त्या सर्वांपेक्षा जास्त श्रम केले, पण ते मी केले असे नाही, तर माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेने केले. आपण किती राबलो हे तो लपवत नाही. त्या राबण्याचा मालक व्हायला मात्र तयार नाही.

जक्कयाचे उदाहरण मला सर्वांत स्पष्ट वाटते. हा यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशूला बघायला तो झाडावर चढला होता. येशू त्या झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरतात की हा पाप्याच्या घरी पाहुणा गेला. तोवर जक्कयाने काहीही सुधारलेले नाही, एक पैसा परत केलेला नाही. पाहुणा आधी येतो. मग जक्कय उभा राहून सांगतो, माझे अर्धे धन गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. नियमशास्त्राप्रमाणे फसवून घेतलेले परत करताना एरवी पाचवा हिस्सा जादा द्यावा लागे. याने मागितल्याच्या कितीतरी पुढे जाऊन दिले. कृपेने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा मांडून बघावा. आणि क्रम उलटा करून बघावा: आधी चौपट भर, मग मी जेवायला येतो, असे येशू म्हणाला असता, तर जक्कय झाडावरून उतरला असता का?

पाप वाढवत राहू या, म्हणजे कृपा वाढेल, हा आक्षेप पौलाच्या काळीही होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो झिडकारला आहे. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ साली अशा वृत्तीला स्वस्त कृपा म्हटले: पश्चात्तापावाचून क्षमा, अनुसरण्यावाचून आश्वासन. हिटलरच्या राजवटीने त्यांना एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिले. कृपेवर विश्वास असलेला माणूस किती किंमत मोजायला तयार होतो, याला वेगळा पुरावा नको.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो अनेकांना ठाऊक आहे. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे पहिले पाऊल टाकू शकतो हे मत ५२९ साली फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या धर्मसभेने नाकारले. म्हणजे कॅथलिक चर्च कर्माने तारण शिकवते, हा प्रोटेस्टंट लोकांचा लाडका आरोप तसा टिकत नाही. पण १५१७ पर्यंत टेट्झेलसारखे उपदेशक दंडमाफीची पत्रे विकत गावोगाव हिंडत होते, हेही खरे. लूथर उसळला तो त्या बाजारावर. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली लूथरपंथी मतांचा निषेध केला, पण त्याच ठरावात कृपा आधी येते हेही सांगितले. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग शहरात लूथरपंथी जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. मूळ मुद्द्यावर आता एकमत आहे. आणि तरीही कॅथलिक आणि लूथरपंथी यांना प्रभुभोजनाच्या मेजावर एकत्र बसण्याची सर्वसाधारण मुभा आजही नाही. सिद्धांत जुळला, पंगत जुळली नाही. अंत्युखियात पौल ज्यावर चिडला होता, नेमके तिथेच आपण पुन्हा येऊन थांबलो आहोत.

आपल्याकडे हा प्रश्न युरोपपेक्षा जास्त धारदार आहे, कारण आपल्याकडे पंगत म्हणजे जात. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांत महार-मांग समाजांतले लोक मोठ्या संख्येने होते. काही ब्राह्मणही झाले. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःचा प्रवास लिहून ठेवला आहे: पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचे सोवळेओवळे कडक होते, स्वयंपाकपाणी वेगळे. जात देवाने केली की माणसाने, या विचाराने त्यांना गाठले आणि कोणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. कोणा पाळकाने त्यांना गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय शिकवला म्हणून हे घडले नाही. पण त्या अध्यायाचा अर्थ त्यांच्याइतका नेमका कोणाला लागला असेल असे मला वाटत नाही.

आणि आज? आमच्याकडे लग्न जमवताना 'पूर्वीचे कोण' हे हळूच विचारले जाते. गोव्यात चर्चच्या उत्सवांचा मान सांभाळणाऱ्या कोन्फ्रारिया जातवार वाटलेल्या होत्या. जन्माने मिळालेला मान हे कर्मसुद्धा नव्हे, त्यात कोणाचा कष्टही नाही. पण तो चालतो त्याच तर्काने: माझ्याकडे काहीतरी आहे जे तुझ्याकडे नाही, म्हणून देवाच्या घरातही मी तुझ्या वरचा. कृपेने तारण झाले असे रविवारी म्हणणाऱ्याने सोमवारी पूर्वीची जात विचारणे, हा पेत्राचाच अपराध आहे, आणि पेत्राला निदान समोरासमोर सांगणारा कोणी होता.

दुसरा मान पैशाचा. आजच्या काही मोठ्या सभांत व्यासपीठावरून सांगितले जाते की अमुक रकमेचे बी पेरा, देव शंभरपट देईल. आजारी मुलाची आई मंगळसूत्र मोडून ते बी पेरते. दंडमाफीच्या पत्रात आणि यात मला फरक दिसत नाही. पत्र विकणारा निदान परलोकाचे आश्वासन देत होता. देवाची कृपा विकत मिळते असे सांगणे म्हणजे ती कृपा नाही असे सांगणे. हे शांतपणे ऐकून घेणाऱ्या आम्हा लोकांनाही त्याचा जाब द्यावा लागेल.

तिसरा मान सेवेचा, आणि तो ओळखायला सर्वांत अवघड, कारण सेवा खरोखर चांगली असते. इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. त्याआधी वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातली आपली संस्था दाखवली होती. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत होते. अशा स्त्रियांवर कोणी दया करते हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथम पाहिले. हे कशासाठी, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे रमाबाईंना ख्रिस्ताकडे खेचले ते कोणाच्या तरी कष्टांनी. पण पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले होते; कामाची, त्यागाची, विद्वत्तेची काहीच कमी नव्हती. तरी स्वतःच्या लायकीवर उभे राहण्याचा शीण होता, तो गेला.

त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडे वर आलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचे भाषांतर १९२२ मध्ये मरेपर्यंत करत राहिल्या. त्यांचे सर्वांत मोठे कष्ट कृपेची खात्री पटल्यानंतरचे आहेत. ज्याला काही कमवायचे उरले नाही तो माणूस समोरच्या उपाशी मुलीकडे आपल्या पुण्याचे साधन म्हणून बघत नाही. ती त्याला नुसती उपाशी मुलगी दिसते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे वेगळी होतात ती अन्न, पाणी, कपडे, तुरुंगातली भेट यांवर. तिथे विश्वासाबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. पण उजवीकडच्यांचे उत्तर काय आहे? प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांनी हिशोब ठेवलेलाच नव्हता. माझ्या मते कर्म आणि कृपा यांच्याबद्दल शास्त्रातले सर्वांत नेमके वाक्य हेच आहे, आणि ते प्रश्नाच्या रूपात आहे.

म्हणून आमच्या मंडळ्यांतल्या काही गोष्टींबद्दल मी आग्रहाने बोलतो. बाकांच्या पाठीवर आणि पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे रंगवलेली असतात, अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून. खाली बसून प्रार्थना करणारी भांडी घासणारी बाई तो पंखा बघते. अनेक ठिकाणी वर्गणी थकली की मतदार यादीतून नाव जाते, आणि यादीतून गेलेला माणूस सभेत बोलू शकत नाही. काही ठिकाणी मयताच्या दिवशी, दफनभूमीची जागा द्यायच्या आधी, थकबाकी काढून दाखवतात. खर्च भागवावा लागतो, चर्चचे छप्पर गळते, पाळकाला पगार द्यावा लागतो, हे सगळे मला मान्य आहे. तो पैसा मागावा, जरूर मागावा, आणि ज्याची ऐपत आहे त्याने जक्कयासारखा द्यावा. पण मताचा आणि मातीचा अधिकार वर्गणीपासून वेगळा करावा, आणि नावे रंगवणे बंद करावे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव कोणीतरी मांडायला हवा. विरोध होईल तो पहाटेपासून राबलेल्यांकडून, ज्यांच्या आजोबांनी विटा वाहिल्या त्यांच्याकडून, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल, कारण विटा खरोखर त्यांच्याच आजोबांनी वाहिल्या आहेत.